रिझर्व्हला लागल्यानंतरचे किलोमीटर

आपल्या गाडीची टाकी किती लिटरची, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस क्वचितच भेटतो. ॲव्हरेज मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतं, तेही खऱ्यापेक्षा पाच-सातनं फुगवलेलं. याचं मूळ पंपावरच्या सवयीत आहे. आपल्याकडं पेट्रोल लिटरात कुणी मागत नाही. 'शंभरचं टाका', 'दोनशेचं टाका.' 2021 च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली, आणि आता शंभराच्या नोटेत लिटरभरसुद्धा येत नाही. पण तोंडात बसलेली रक्कम तीच राहिली. रुपयांत भरणाऱ्याला टाकी केवढी आहे हे कळायचं कारणच नाही, कारण ती कधी भरतच नाही. गाडी कायम तळाशी खेळत असते. त्यामुळं आपल्या दुचाकीवाल्यांचा सगळा अभ्यास तळाचा: किती उरलंय, आणि तेवढ्यात घर येईल का.

कागदावरचे आकडे वाचायला छान वाटतात. स्प्लेंडर प्लसची टाकी 9.8 लिटरची, ॲक्टिव्हाची 5.3, नव्या क्लासिक 350 ची 13, पल्सर 150 ची 15. स्प्लेंडरला साठचं ॲव्हरेज धरलं तर पुण्यात टाकी फुल्ल करून निघालेला माणूस पणजीला पोचून वर शंभरेक किलोमीटर उंडारू शकतो. क्लासिकवाल्यानं गाडीला दुपटीहून जास्त पैसे मोजलेले असतात; पस्तिसाच्या हिशोबानं तो जेमतेम पणजी गाठतो. ॲक्टिव्हा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत. टाकी मोठी म्हणजे पल्ला मोठा, हे समीकरण एवढ्या चार गाड्यांतच मोडीत निघतं.

त्यात छापलेली लिटरं आणि टाकीत प्रत्यक्ष मावणारी लिटरं जुळत नाहीत ते वेगळंच. 'टाकी दहाची, मग बिल साडेदहाचं कसं?' हे भांडण पंपावर नेहमीचं. छापलेला आकडा साधारणपणे तोंडाच्या नळीच्या खालपर्यंतचा असतो. पेट्रोल उन्हानं फुगतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की दहा लिटरमागं शंभरेक मिलिलिटर वाढतात, म्हणून वर थोडी जागा मोकळी सोडायची असते. आपण सोडत नाही. गाडी सरळ उभी धरून, गदागदा हलवून, बुडबुडे काढत गळ्यापर्यंत भरतो, आणि मग मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या झाकणापाशी वास मारायला लागतो. ज्याला पंपाच्या मापाचीच शंका असेल त्याच्यासाठी तिथं वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते मागवून आपल्यासमोर मोजून घेता येतं. ते मागणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. भांडणारे रोज दिसतात.

जुन्या गाड्यांना काटा नसायचा. टाकीखाली, डाव्या मांडीपाशी एक कॉक असायचा, तीन जागी फिरणारा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. पुष्कळांची समजूत अशी की रिझर्व्ह म्हणजे टाकीच्या पोटात आणखी एक लहान टाकी. तसलं काही नसतं. कॉकच्या डोक्यावर, टाकीच्या आत, एक बारीक नळी उभी असते. कॉक 'चालू'वर असला की पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून खाली उतरतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा तुटतो. कॉक रिझर्व्हवर फिरवला की तेच पेट्रोल नळीच्या बुडाजवळच्या भोकातून यायला लागतं. एवढंच तंत्रज्ञान. उंच तोंड आणि ठेंगणं तोंड यांच्यामध्ये जे लिटर-दीड लिटर राहतं, ते रिझर्व्ह.

नळी उघडी पडली तरी कार्बोरेटरच्या वाटीत घोट-दोन घोट पेट्रोल असतं, त्यावर गाडी काही क्षण ओढते. मग ॲक्सिलरेटर पिळला तरी जोर लागत नाही, आवाज पोकळ होतो, गाडी एकदा आचका देते. तेवढ्यात डावा हात हँडल सोडून खाली जातो, खाली न बघता कॉक चाचपतो, फिरवतो, आणि नळी भरेस्तोवर क्लच दाबून गाडी गतीवर जाऊ द्यायची. पुन्हा ओढ धरते. मागं ट्रक असताना हे करणं धोक्याचं होतं यात वाद नाही. पण ज्याला जमायचं, त्याच्या मागं बसलेल्या माणसाला काही झालंय हे कळायचंसुद्धा नाही.

आमच्या अण्णांची सीडी 100 होती. हिरो होंडाची ही गाडी 1985 ला आली, आणि 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात त्या वेळी फार गाजली. अण्णांनी त्यातलं पहिलं आणि दुसरं मान्य केलं, तिसरं कधीच नाही. सहकारी बँकेची फुकट मिळणारी खिशातली डायरी, आणि तिच्यात मागच्या पानापासून उलटीकडून लिहिलेल्या पेट्रोलच्या नोंदी. पेन्सिलीनं, कारण खिशातलं पेन उन्हाळ्यात गळायचं. नोंद एका ओळीची: 'रि. 41286. 5 लि. मलकापूर.' म्हणजे मीटरवर एवढे किलोमीटर असताना रिझर्व्ह लागलं, आणि मलकापूरच्या पंपावर पाच लिटर टाकलं. पुढची 'रि.' आली की वजाबाकी करायची आणि पाचानं भागायचं.

ही रीत मला आजही सगळ्यांत चोख वाटते. हल्ली सगळे टाकी फुल्ल करून, ट्रिपमीटर शून्यावर आणून, पुन्हा फुल्ल करून ॲव्हरेज काढतात. पण 'फुल्ल' म्हणजे काय? गाडी साइड स्टँडला होती की सरळ? पंपावरच्या पोरानं नोझल टक् करून बंद झाल्यावर सोडलं, की आणखी दोन पिचकाऱ्या मारून रुपये पूर्ण केले? पाव-अर्धा लिटर इकडंतिकडं सहज होतं. रिझर्व्हच्या नळीचं तोंड मात्र कारखान्यात बसवलं त्याच उंचीवर असतं. ते वर सरकत नाही, खाली सरकत नाही. एका रिझर्व्हपासून पुढच्या रिझर्व्हपर्यंत गाडीनं बरोबर तेवढंच पेट्रोल खाल्लेलं असतं जेवढं मध्ये टाकलं. पंप पुढं दहा किलोमीटरवर सापडला तरी हिशोबाला धक्का लागत नाही.

अण्णांचं ॲव्हरेज चारनं उतरलं की ते गाडी मिस्त्रींकडं न्यायचे.

"अण्णा, गाडी तर चांगली पळतीय की," मिस्त्री एक चक्कर मारून येऊन म्हणायचे.

"पळतीय, पण खातीय."

"काय खातीय? आवाज बगा की, एकदम स्मूद."

"चार किलोमीटर खातीय लिटरमागं. बघा तुम्ही."

मग मिस्त्री गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवायचे. चाक दीड फेरा मारून थांबलं की दोघंही काही न बोलता वाकून बघायचे. मागचा ब्रेक घासत असायचा. कधी चेन कडक झालेली, कधी एअर फिल्टर धुळीनं भरलेला, कधी चोकची पट्टी अर्धवट अडकलेली. ऊस हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर जी धूळ आणि पाचोळा असतो, त्यात फिल्टरची काय गत होते ते गॅरेजवाल्यांनाच विचारावं. गाडीला काय दुखतंय हे तिच्या आवाजाआधी डायरीत दिसायचं.

रिझर्व्हलाही दोष होतेच. सगळ्यांत मोठा दोष माणसाचा: पेट्रोल टाकल्यावर कॉक परत 'चालू'वर न आणण्याचा. मग पुढच्या वेळी इशारा मिळत नाही. गाडी थांबते ती कोरडी होऊनच. त्यानंतर आपल्याकडं पाहण्यासारखे विधी सुरू होतात. टाकीचं झाकण उघडून, गाडी दोन्ही हातांनी हलवून, कान लावून चुबुकचुबुक ऐकायचं. तोंड लावून टाकीत फुंकर मारायची. गाडी डाव्या अंगाला जमिनीपर्यंत आडवी करायची. यातला शेवटचा विधी खुळचट दिसतो, पण त्यात दम आहे. मोटारसायकलची टाकी चॅसीच्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते, तिचे दोन पाय दोन्ही बाजूंना खाली उतरलेले असतात आणि कॉक बहुधा डाव्या पायाला असतो. पातळी मधल्या उंचवट्याखाली गेली की उजव्या पायातलं पेट्रोल तिथंच अडकून बसतं. गाडी डावीकडं आडवी केली की ते उंचवटा ओलांडून कॉकच्या बाजूला येतं. गाव गाठायला तेवढं पुरतं. बजाजच्या स्कूटरी तर चालू होत नसल्या तरी आडव्या, पेट्रोल संपलं तरी आडव्या. त्यांच्या पिढीला यात विशेष काही वाटत नसे.

कधीकधी पेट्रोल संपलेलं नसतंच. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते मातीनं बुजलं की पेट्रोल खाली जाईल तशी आत पोकळी तयार होते, आणि शेवटी पेट्रोल उतरायचंच थांबतं. लक्षणं हुबेहूब रिझर्व्हची. झाकण उघडलं की फुस्स होतं आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. धक्का मारत दोन किलोमीटर गेलेल्या माणसाला हे सांगू नये.

मग काटा आला, आणि लोकांना वाटलं आता बघायचं काम उरलं नाही. काट्याच्या मुळाशी टाकीत तरंगणारा एक गोळा असतो, तो एका दांडीवर वरखाली होतो आणि दांडीच्या कोनाप्रमाणं काटा हलतो. म्हणजे काटा पेट्रोल मोजत नाही, पेट्रोलची उंची मोजतो, तीही एकाच ठिकाणची. टाकी वर रुंद आणि खाली दुभंगलेली, त्यामुळं वरचा बोटभर पेट्रोल आणि खालचा बोटभर पेट्रोल सारखे नसतात. गोळा वर छताला टेकलेला असेपर्यंत काटा 'फुल्ल'वरून हलत नाही, माणूस खूश. अर्ध्याच्या खाली गेला की तोच काटा घसरगुंडी धरतो. साइड स्टँडला एक सांगतो, चालताना दुसरं.

घाटात तर त्याचं सोंग बघण्यासारखं असतं. कोयनानगरकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना गाडीचं नाक सतत खाली असतं. पेट्रोल टाकीच्या पुढच्या भागात सरकतं. गोळा मागं असला तर काटा पडतो, पुढं असला तर वर चढतो. कार्बोरेटरच्या गाड्यांत कॉक मागच्या बाजूला असल्यामुळं थोडंच पेट्रोल असेल तर नेमकं उतारावर रिझर्व्ह लागायचं, आणि खाली सपाटीला आल्यावर कॉक परत 'चालू'वर टाकला तरी गाडी चालायची. नवख्याला हा चमत्कार वाटे. याच घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, काही शूर इंजिन बंद करून, उतरतात. ब्रेकचं काय होतं हे शेवटच्या वळणांवर कळतं. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणाऱ्या, गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की उतारावर पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचवायला गेलेला माणूस घाटभर थेंबथेंब जाळत उतरतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नवे नियम आले, इंजेक्शन सरसकट झालं आणि कॉक जवळपास संपला. आता टाकीच्या बुडाशी विजेवर चालणारा पंप बसलेला असतो. भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. म्हणून हल्लीचे मिस्त्री म्हणतात, टाकी कोरडी होऊ देऊ नका. पूर्वी कोरडी गाडी म्हणजे फक्त पायपीट होती, आता पंपाचा खर्चही असू शकतो. शंभर-शंभरचं टाकत तळाशी खेळायची आपली सवय मात्र या बदलाला दाद देत नाही.

कॉकच्या जागी आलेला डिजिटल मीटर आता थेट भविष्य सांगतो: अजून इतके किलोमीटर जाल. हे गणित तो मागच्या काही किलोमीटरच्या खाण्यावरून करतो. माझ्या गाडीवर कात्रजपर्यंत शहराच्या गर्दीत आकडा धडाधड उतरतो, हायवेला लागल्यावर फुगतो, खंबाटकी चढताना पुन्हा कोसळतो आणि सुरूरच्या पुढं सपाटीला मीटर हळूहळू उदार होतो. पेट्रोल तेवढंच, रस्ता तोच, आणि आकडा मागं न जाता पुढं! तो खोटं बोलत नाही, पुढचा रस्ता मागच्यासारखाच असणार असं गृहीत धरतो, इतकंच. घाट असलेल्या राज्यात हे गृहीत फार धाडसाचं आहे. आणि गंमत अशी की पेट्रोल अगदी तळाला गेलं, म्हणजे जेव्हा आकडा खरोखर हवा असतो, तेव्हा बऱ्याच गाड्यांचे मीटर आकडा काढून घेऊन नुसत्या दोन आडव्या रेघा दाखवतात.

त्यापेक्षा मला काही यामाहा गाड्यांवरची सोय शहाणपणाची वाटते. पेट्रोल ठरावीक पातळीखाली गेलं की मीटर आपोआप 'एफ' नावाच्या ट्रिपवर जातो आणि शून्यापासून मोजायला लागतो. किती जाल ते सांगत नाही. खूण लागल्यापासून किती आलात तेवढं सांगतो. पुढचा हिशोब ज्याचा त्यानं करावा, त्याला आपली गाडी आणि आपला रस्ता माहीत असतो.

या हिशोबाची खरी परीक्षा आपल्या राज्यात होत नाही, कारण आता तासाभराच्या आत पंप सापडतोच. ती होते मनाली-लेह रस्त्यावर. दरवर्षी मराठी पोरांचे जथेच्या जथे तिकडं जातात, आणि लाहौलमधल्या तांडीच्या पंपावरच्या पाटीखाली फोटो काढतात: पुढचा पंप 365 किलोमीटर. क्लासिक 350 च्या 13 लिटरला अठ्ठावीसचं ॲव्हरेज धरा, 364 किलोमीटर येतात. एक कमी! तिथं पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येते. कार्बोरेटरला हे समजत नाही, तो सवयीनं पेट्रोल सोडत राहतो आणि इंजिन गुदमरतं. इंजेक्शनची गाडी हवेचा दाब बघून हात आखडते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली चढण, सामान आणि मागचा जोडीदार यांचं ती काही करू शकत नाही. म्हणून कॅन बांधून न्यायचे. घरी पस्तीस देणारी गाडी तिथं किती देईल हे पुण्यात बसून ठरवणाऱ्याला मी लांबून नमस्कार करतो.

घरच्या ॲव्हरेजलाही मध्यंतरी एक खिंडार पडलंय. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या लिटरापेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी उतरेल असा अंदाज होता. साठाच्या गाडीला हे दोन किलोमीटर झाले. कट्ट्यावर लोक दहा-पंधरा सांगतात. वही ठेवलेली नसली की काहीही सांगता येतं. आमच्या भागात त्यावर फार बोलताही येत नाही, कारण इथेनॉल ज्या उसाचं, त्याच्या ट्रॉल्यांमागंच आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये पेट्रोल जाळत असतो.

आता शेजारच्या पोरानं बजाजची फ्रीडम घेतलीय, 2024 च्या जुलैत आलेली सीएनजीवरची मोटारसायकल. सीटखाली 2 किलो गॅसची टाकी, पुढं 2 लिटर पेट्रोलची, आणि गॅस संपला की हँडलवरचं बटण दाबून पेट्रोलवर जायचं. दोन्ही मिळून 330 किलोमीटर, असा कंपनीचा दावा. परवा गॅसच्या पंपाबाहेर रिक्षांची रांग वळणापर्यंत आली होती. त्यानं रांगेकडं बघितलं, बटण दाबलं आणि गाडी वळवून घरी आला.

"काका, आपल्याला काय टेन्शन नाही. दोन लिटर म्हणजे शंभर किलोमीटर कुठं गेले नाहीत."

"मोजलेत का?"

"मोजायचं काय त्यात? कंपनीनं सांगितलंय की."